प्लास्टर निघाल्यावर

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. या वयात ते आता इतकं सर्वसाधारण झालं आहे की त्याचं कौतुक सांगत बसण्यात अर्थ नाही. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या सहा-सात जणांच्या टोळक्यात न बदललेले गुडघे आता अल्पमतात आहेत. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि तिनं मला चक्क उभं केलं. पुढे ती घरी येऊ लागली. काही आठवड्यांनी तिनं माझ्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधली आणि म्हणाली, "काका, खुर्चीत बसूनच पाय सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, हळूच खाली. असं दहा वेळा. दहा म्हणजे दहा." तिनं एक वही करायला लावली. आज किती वजन, किती वेळा, शेवटचे दोन कसे गेले. आठवडा झाला की ती वही बघायची आणि पिशवीत वाळू वाढवायची.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे कुठल्याही गोष्टीला "हे कधीपासून?" असं विचारायची खोड जडली आहे. मी तिला विचारलं, दहाच का? आणि हे वही-वजनाचं कुणी काढलं? ती हसली. "काका, आम्हाला शिकवलंय तसं सांगते. तुम्ही पाय उचला."

पाय उचलला. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचायला वेळच वेळ होता. वाचता वाचता उत्तर सापडलं ते थेट १९४४ सालच्या शिकागोत. आणि ते सापडल्यावर एक जुनी गोष्ट, जी मी चाळीसहून अधिक वर्षं मनात बाजूला सरकवत आलो होतो, ती समोर येऊन बसली. ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं नुसती माहिती होईल.

१९८२ साल. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत होतो. खेळाचे शिक्षक बदलून गेले होते आणि नवे येईपर्यंत कबड्डीचा संघ माझ्याकडे आला. मला कबड्डीतलं प्रेक्षकाइतकंच कळत होतं. पण संघात एक मुलगा होता, दहावीतला. त्याचं नाव लिहीत नाही. अंगानं किरकोळ, पण चढाईला गेला की समोरच्या सात जणांना कळायचं नाही की हा कुठल्या कोपऱ्यावर जाणार. डावीकडे झुकायचा, सगळी साखळी डावीकडे सरकायची आणि हा उजवीकडच्या कोपऱ्याला पाय लावून मध्यरेषेवर परत. त्याच्या त्या वळण्यात सगळी जादू होती.

पावसाळ्याच्या शेवटी सायकलवरून पडून त्याच्या नडगीचं हाड मोडलं. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. दहा आठवडे. प्लास्टर निघालं तेव्हा मी त्याच्या वडिलांबरोबर गेलो होतो. आतून निघालेला पाय मला आजही दिसतो. पांढुरका, खवलं निघालेला, आणि मांडी दुसऱ्या मांडीच्या निम्मी वाटावी अशी. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला, म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता हळूहळू सुरू कर."

या वाक्यातलं 'हळूहळू' कुणी उलगडून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी फक्त 'सुरू कर' ऐकलं. तीन आठवड्यांनी जिल्ह्याचे सामने होते. तो लंगडत नव्हता, धावत होता, हसत होता. मी त्याला विचारलं, "जमेल ना रे?" पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षकानं असं विचारल्यावर तो काय सांगणार? त्याची तिसरी की चौथी चढाई होती. त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. तो नेहमीसारखा डावीकडे झुकला, उजवीकडे वळला आणि पाय तिथेच राहिला, शरीर वळलं. काही तरी तुटल्याचा आवाज आला असं कोपऱ्यावरचा मुलगा नंतर सांगत होता. हाड शाबूत होतं. गुडघा गेला होता. समोरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला, पंचात बांधून लावला. तेवढंच माहीत होतं आम्हाला. तो मुलगा पुन्हा कबड्डी खेळला नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःला सांगत आलो की नशीब. हाड तर जुळलं होतं, डॉक्टर म्हणाले होते. आता कळतं की चूक कुठे होती. हाड जुळणं आणि पाय बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये जो काळ असतो त्याचं शास्त्र जगात तेव्हाही चांगलं पस्तीस-चाळीस वर्षं जुनं होतं.

मोडलेल्या अवयवाला हलू न देणं हा उपाय माणसाला फार आधीपासून माहीत होता. एकोणिसाव्या शतकात त्याला दोन गोष्टींनी बळ दिलं. मथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरानं १८५१-५२च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या पट्ट्या बांधायची सोपी रीत काढली. आणि लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस या डॉक्टरानं विश्रांतीचं जवळजवळ धर्मशास्त्रच केलं. विश्रांती सक्तीची हवी, अखंड हवी आणि दीर्घ हवी, असा त्याचा आग्रह. गंमत म्हणजे हा थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला, वेल्समधल्या. त्याच्या नावाच्या लोखंडी चौकटीनं पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या किती तरी सैनिकांचे प्राण वाचवले, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याच काळात फ्रान्समध्ये ल्यूका-शांपियोनिएर नावाचा शल्यचिकित्सक उलट सांगत होता की हालचाल आणि चोळणं हीसुद्धा मोडलेल्या हाडाची औषधं आहेत. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. प्लास्टर डोळ्यांना दिसतं, त्यावर विश्वास बसतो. हळूहळू केलेली मेहनत दिसत नाही.

इथे मला सुश्रुताची आठवण झाली. आमच्याकडे सगळं आधीच होतं असं म्हणायची मला हौस नाही. वर्गातही मी त्यावरून मुलांना टोकत असे. पण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवरचा जो अध्याय आहे त्यात हाताच्या तळव्याबद्दल एक सूचना आहे, ती वाचून मी चष्मा काढून ठेवला. हाड सांधल्यानंतर रोग्यानं त्या हातात आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आलं की दगड. माती, मीठ, दगड. बांधा आणि विसरा असं नाही. आणि दगड कधी द्यायचा, तर अमुक दिवसांनी असं नाही, हातात बळ आल्यावर. बांबूच्या कांबी बांधायला सांगणाऱ्या त्याच अध्यायात हे आहे.

आमच्या तालमींतही याची काही जाण होती असं वाटतं. कोल्हापूरच्या तालमीत मोडून आलेल्या पोराला वस्ताद एकदम कुस्तीला सोडत नसत. आधी मातीत लोळणं, हौद्यातली माती उकरणं, अंग रगडून घेणं, मग थोड्या बैठका. हळद, तेल, ताक, लिंबू घातलेल्या त्या लाल मातीत औषध किती आणि श्रद्धा किती हे मला सांगता येणार नाही. पण क्रम होता. शाळेतल्या कबड्डीला वस्ताद नव्हता. तिथे इतिहासाचा मास्तर होता.

आता शिकागो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करापुढे वेगळाच पेच पडला होता. जखमी सैनिक मरत नव्हते, वाचत होते, पण इस्पितळातून बाहेर पडत नव्हते. खाटा अडून राहिल्या होत्या. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठचं एक मोठं हॉटेल ताब्यात घेऊन तिथे गार्डिनर जनरल हॉस्पिटल केलेलं होतं. तिथे गुडघ्यांचे रोगी पुष्कळ. शस्त्रक्रिया झालेली, प्लास्टर निघालेलं, आणि मांडी सुकलेली. त्यांना द्यायचे व्यायाम म्हणजे हलक्या वजनाचे किंवा बिनवजनाचे, पण खूप वेळा करायचे. पाय हलवत राहा, कप्पीवरची दोरी ओढत राहा, जागच्या जागी सायकल मारत राहा. महिनोन्‌महिने. पाय थकायचा, पण भरायचा नाही.

तिथे टॉमस डिलॉर्म नावाचा विशीतला तरुण डॉक्टर होता. अलाबामाचा, १९१७चा जन्म. पोरवयात त्याला संधिवाताचा ताप झाला होता, तोच जो हृदयाला धरतो. कित्येक महिने अंथरुणात गेले. अशा मुलानं पुढे दगदग करायची नाही हा तेव्हाचा वैद्यकीय सल्ला. या पोरानं अंथरुणात पडल्या पडल्या वजनं उचलणाऱ्यांची मासिकं वाचली आणि उठता येऊ लागल्यावर गुपचूप वजनं उचलायला लागला. आणि चांगला दणकट झाला. त्या काळी डॉक्टर मंडळींत समज असा की वजनं उचलून स्नायू आखडतात, हृदय फुगतं. डिलॉर्मचं स्वतःचं शरीर या समजाविरुद्धचा पुरावा होता.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला एक सार्जंट प्रयोगाला तयार झाला. डिलॉर्मनं त्याच्या पावलाला लोखंडी बूट बांधला, ज्याच्या तळाला आडवी कांब होती आणि कांबीच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या अडकवता येत. टेबलाच्या कडेवर बसायचं आणि पाय सरळ करायचा. माझ्या वाळूच्या पिशवीचा हा पणजोबा. त्या सार्जंटची मांडी भरू लागली. मग दुसरा, तिसरा, करता करता कितीतरी रोगी त्याच्याकडे आले. १९४५च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या अस्थिरोगाच्या मुख्य नियतकालिकात त्याचा लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कमी वजन पुष्कळ वेळा उचललं तर दम वाढतो, ताकद वाढत नाही. सुकलेल्या स्नायूला आधी ताकद हवी. ती जड वजन थोड्या वेळा उचलूनच येते.

आणि इथे मला माझ्या 'दहा'चं उत्तर मिळालं. डिलॉर्मला प्रत्येक रोग्यासाठी मोजमाप हवं होतं. त्यानं ठरवलं, जे वजन रोगी जेमतेम दहा वेळा उचलू शकतो, अकराव्या वेळी उचलू शकत नाही, ते त्याचं आजचं माप. दर आठवड्याला हे माप पुन्हा घ्यायचं आणि वजन वाढवायचं. म्हणजे महत्त्व दहाला नाहीच, महत्त्व आहे अकराव्याला न उचलता येण्याला. शेजारच्या खाटेवरचा किती उचलतो याच्याशी संबंध नाही, ऑपरेशनला किती दिवस झाले याच्याशीही फारसा नाही. तुमचा पाय आज काय म्हणतो, तेवढंच. सुरुवातीला तो अशा सात ते दहा फेऱ्या करून घेत असे. पुढे १९४८ साली बॉस्टनमध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर लिहिताना त्यानं कबूल केलं की एवढ्यांची गरज नाही, तीन पुरतात. पहिली त्या मापाच्या निम्म्या वजनानं, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. 'वाढत्या प्रतिकाराचा व्यायाम' हे नावही तेव्हाचंच. आज जिममध्ये पोरं 'तीन सेट दहाचे' म्हणतात त्यांना ठाऊक नसतं की ते इस्पितळातून तिथे आलेलं आहे. डिलॉर्म २००३ साली वारला. मला वाटतं, प्लास्टरवाल्या मथायसनइतकंच त्याचं नाव लोकांना माहीत असायला हवं. अर्थात मथायसन तरी कुणाला माहीत आहे म्हणा.

स्नायू इतक्या लवकर का सुकतो, याचंही एक कारण वाचलं ते सांगतो. गुडघा दुखावला, आत पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच शरीर दाबून टाकतं. माणूस जोर लावतो, स्नायू पूर्ण ऐकत नाही. म्हणून 'आपोआप येईल ताकद' हे खरं नाही. चालून-फिरून येते ती कामापुरती. वळताना, थांबताना, उडी मारून पाय टेकवताना गुडघ्याला जो धक्का बसतो तो झेलायला मांडी जागी असावी लागते. नाहीतर तो धक्का आतल्या दोऱ्यांवर जातो. त्या मुलाचं नेमकं हेच झालं असणार. धावणं सरळ रेषेतलं होतं, ते त्याला जमत होतं. मी तेच बघून खूश होतो. त्याचा खेळ तर सगळा वळण्यात होता.

पडून राहण्याची किंमत किती, हे अमेरिकेत डॅलसला १९६६ साली मोजलं गेलं. वीस वर्षांचे पाच धडधाकट तरुण वीस दिवस बिछान्यात ठेवले. आजार काही नाही, नुसतं पडून राहायचं. वीस दिवसांनी त्यांची श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून थोडी जास्तच उतरली होती. मग आठ आठवडे व्यायाम करून घेतला, ती भरून आली. पण मला रुतला तो पुढचा तपशील. पाचांतले जे दोघे आधीपासून व्यायाम करणारे होते त्यांना पूर्वीच्या पातळीवर यायला महिनाभर किंवा त्याहून जास्त लागलं, बैठ्या तिघांना त्याहून बरंच कमी. ज्याच्याकडे जास्त होतं त्याला परत मिळवायलाही जास्त वेळ लागला. आम्ही मात्र म्हणायचो, खेळाडू आहे, पटकन उभा राहील. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढी क्षमता ओसरली होती ती तरुणपणीच्या त्या वीस दिवसांतल्या घटीपेक्षा कमी भरली. हे वाचून मी त्या दिवशी व्यायाम दोनदा केला.

तर मग घाई करावी की सबुरी? इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. अमेरिकेतच इंडियानापोलिसला डोनाल्ड शेलबोर्न नावाचे गुडघ्याचे शल्यचिकित्सक होते. गुडघ्याच्या आतली मुख्य दोरी, लिगामेंट, नवी बसवल्यावर रोग्यांना ते तेव्हाच्या रीतीप्रमाणे महिनोन्‌महिने जपून राहायला सांगत. त्यांच्या ध्यानात आलं की जे रोगी सांगितलेलं ऐकत नाहीत, लवकर पाय टेकतात, पट्टा काढून ठेवतात, त्यांचेच गुडघे चांगले निघतात. दुसरा एखादा डॉक्टर अशा रोग्यांवर रागावला असता. शेलबोर्ननी आपली रीत बदलली आणि १९९०मध्ये त्यावर लेख लिहिला. लवकर सरळ करा, लवकर भार द्या. शिक्षक म्हणून मला हा माणूस फार आवडला. वर्गातली न ऐकणारी मुलं काही सांगत असतात, हे कळायला मला स्वतःला पंधरा वर्षं लागली होती.

पण लवकर हलवणं म्हणजे लवकर मैदानात उतरवणं नव्हे. २०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून अशी शस्त्रक्रिया झालेल्या शंभराहून थोड्या अधिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळात परतणं जेवढं लांबवलं तेवढी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता कमी होत गेली. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिन्याला जवळजवळ निम्म्यानं. आणि त्याच्या जोडीला दुसरी अट, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झालेली असली पाहिजे. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम, पण मैदान शेवटी. नऊ महिने, आणि तेही रोज मेहनत करून. आणि मी त्या पोराला तीन आठवडे दिले. त्याची दुखापत आधी हाडाची होती, हा हिशेब जसाच्या तसा तिला लागू नाही, हे मला कळतं. पण मांडी मोजायला टेप लागते, तेवढी तर शिवणाच्या वर्गात होती.

बर्फाचंही जाता जाता सांगतो. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय वर ठेवणं ही चतुःसूत्री १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी पुस्तकातून रूढ केली. २०१४मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. स्वतःच रूढ केलेलं स्वतः मागे घ्यायला मोठं मन लागतं. गोळेवाल्याच्या बर्फानं मुलाचं भलंबुरं काहीच झालं नसेल, पण ठणका थोडा कमी झाला होता एवढं खरं.

आपल्याकडे या मधल्या काळाकडे लक्ष कधी गेलं, असा विचार करताना मला दोन गुडघे आठवतात, दोन्ही पैलवानांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे पोलिसात लागले, १९५६च्या मेलबर्नची तयारी चालू होती आणि गुडघा दुखावला. ऑलिंपिक संपलं त्यांच्यापुरतं. वय तिशीचं होतं. दुसरा गुडघा विनेश फोगाटचा. २०१६ला रिओत उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सून यानानशी खेळताना गुडघा निखळला, स्ट्रेचरवरून बाहेर नेली, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. शस्त्रक्रिया झाली, मग महिनोन्‌महिन्यांची मेहनत. २०१८ला जाकार्तात आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोर तीच सून यानान आली. विनेशनं तिला हरवलं आणि शेवटी सुवर्णपदक घेतलं, असं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. दोघांमधल्या साठ वर्षांत जिद्द वाढली असं मी म्हणणार नाही. खाशाबांच्या जिद्दीला काय कमी होतं! फरक पडला तो मधल्या महिन्यांत कोण शेजारी उभं होतं आणि त्याला काय माहीत होतं, यात. आजही तालुक्याच्या शाळांत तो किती पोचला आहे, हे बागेतल्या आमच्या बाकावरून सांगणं कठीण आहे. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मैदानावर घोट्याला पट्टी बांधलेली एक मुलगी खो-खो खेळत होती. मी कुंपणापाशी थांबून तिच्या सरांना विचारलं, हिचा दुसरा घोटा आणि हा, ताकद सारखी झाली का? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला ओळखीची वाटली.

तो मुलगा आता साठीकडे झुकला आहे. गावात त्याची पिठाची गिरणी आहे. उजवा पाय थोडा ओढत चालतो, जिना उतरताना कठडा धरतो. माझं ऑपरेशन झाल्याचं कळलं तेव्हा भेटायला आला, बाजरीचं पीठ घेऊन. मी खुर्चीत बसून दुपारचा व्यायाम करत होतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी त्याला डिलॉर्मचं सांगितलं, मांडीचं सांगितलं, आणि शेवटी जे सांगायचं होतं ते सांगितलं, की त्या दिवशी तुला उतरवायला नको होतं, ती माझी चूक.

तो म्हणाला, "सर, तुम्ही नाही म्हणाला असता तरी मी उतरलो असतो."

"मी नाही म्हणालो नाही ना पण."

यावर तो काही बोलला नाही. वाकून त्यानं माझ्या घोट्याची पिशवी चाचपली, वजनाचा अंदाज घेतला. दीड किलो असेल म्हणाला. बरोबर दीडच होती, गिरणीवाल्याचा हात. मग खुर्ची ओढून समोर बसला.

"किती झाले?"

"सहा."

"मग थांबलात का? सात..." असं म्हणून त्यानं मोजायला सुरुवात केली.